टकळी गप्प झाली तेव्हा

मित्रांनो, मी एक जुना बांबू आहे. बासरी होण्याचे भाग्य माझ्या नशिबी नव्हते आणि शिडी होण्याइतका मी लांब नव्हतो. डोंगरावरच्या आदिवासी वस्तीतल्या माणसांनी मला रानातून तोडून आणले, घासून गुळगुळीत केले आणि वळचणीला टांगले. वस्तीत कुणी आजारी पडले की मला खाली काढतात. माझ्या दोन्ही टोकांना चादर बांधली की झाली डोली! आमच्या वस्तीला रस्ता नाही. दवाखाना आहे, पण तो पायथ्याशी, ओढ्यापलीकडे.

माझे कौतुकही झाले बरे! एकदा खालून पाहुणे आले होते. "वा, काय युक्ती आहे!" असे म्हणत त्यांनी माझ्याबरोबर फोटो काढले. मी फुशारून गेलो. पाहुणे धापा टाकत उतरले. रस्ता मात्र काही चढून वर आला नाही.

मग एका सकाळी टकळीची पाळी आली. ही बारा वर्षांची मुलगी. तिच्या तोंडाला कधी विसावा नसे, म्हणून सगळे तिला टकळीच म्हणत. ताप आणि खोकला अंगावर काढता काढता त्या सकाळी तिला श्वास घेणे कठीण झाले. बरगड्या आत ओढल्या जाऊ लागल्या. पुढून तिच्या बाबांनी मला खांद्यावर घेतले, मागून काकाने. आई माझ्यावर हात ठेवून शेजारून चालू लागली.

चादर आखूड बांधायची, ही आमच्याकडची रीत. पायवाटेवर जागोजागी दगड. ओझे उंच बांधले की दगडाला लागत नाही, हे इथे सगळ्यांना ठाऊक. पण माणूस म्हणजे लाकडाची मोळी नव्हे. टकळी त्या चादरीत पार दुमडून गेली होती.

"काका, किती हिसके देतोस रे!" ती मध्येच कण्हत म्हणाली. पुढे दोन वळणे तिची बडबड चालू होती. मग ती गप्प झाली.

"झोपली वाटतं," काका म्हणाला.

"बरं झालं. तेवढाच आराम," बाबा म्हणाले आणि त्यांनी पाय उचलला.

माझा मात्र जीव टांगणीला लागला. मघापर्यंत तिच्या खोकल्याने मी या टोकापासून त्या टोकापर्यंत हादरत होतो. आता नुसती बारीकशी थरथर उरली होती. मी कुरकुरलो. पण बांबू कुरकुरायचाच, त्याच्याकडे कोण लक्ष देणार?

माझ्यावरचा आईचा हात एकदम घट्ट झाला. "थांबा!"

"अगं, ओढा आलाच. आता थांबलो तर खांदे पुन्हा उचलायचे नाहीत," बाबा म्हणाले.

"झोपेतसुद्धा बडबडते ती! ही झोप नव्हे. ठेवा खाली!"

बाबांच्या हाताला गाठ सुटेना. आईने ती दातांनी सोडवली. टकळीची हनुवटी छातीला टेकली होती आणि ओठ निळसर पडले होते. आईने तिला मांडीवर घेऊन मान सरळ केली. मी वाटेवर पडून वाट पाहत होतो. आणि टकळी खोकली! त्या खोकल्याइतका गोड आवाज मी जन्मात ऐकलेला नाही.

मग चादर सैल बांधली. डोके उंच राहील असे बघितले. दगड आला की आई वाकून खालून चादर उचलून धरायची. ओढाही तिने तसाच वाकून ओलांडला.

दवाखान्यातल्या नर्सबाईंनी टकळीच्या तोंडावर नळीचा मास्क लावला आणि मग त्या कडाडल्या, "एवढी दुमडून आणतात का? श्वासाला वाट नको?"

"खाली दगड लागतात बाई. म्हणून उंच बांधली," बाबा म्हणाले.

बाईंनी त्यांच्या सोललेल्या खांद्याकडे पाहिले. मग त्यांनी पाण्याचा तांब्या आणून दिला.

ऊन कलल्यावर टकळीने मास्क बाजूला सारला. "मला सगळं ऐकू येत होतं. मी झोपले म्हणे! काकाच झोपेत चालत होता." काका हसता हसता रडू लागला.

मित्रांनो, आता मला एके ठिकाणी चीर गेली आहे. बाबांनी तिथे तार गुंडाळली आहे. जुन्या वस्तू अडगळीत पडल्या म्हणून रडतात. मी मात्र अडगळीचीच वाट पाहतो आहे. तुमच्यापैकी कुणी मोठेपणी रस्ते बांधील, कुणी दवाखाने चालवील. तेव्हा आमच्या वस्तीपर्यंत या. मग मला अंगणात आडवा बांधा आणि माझ्यावर धुणे वाळत घाला. चादर तीच चालेल. फक्त ती रिकामी असू द्या.