लेकीच्या घरचं पाणी

रत्नप्रभाने पेला तोंडाशी नेला, थबकली, आणि पाणी खिडकीतल्या तुळशीला घातलं. मग रिकामा तांब्या उचलून ती समोरच्या द्रौपदीकाकींच्या दारात गेली.

अक्षता उंबऱ्यात चपला काढत होती. विक्रोळीची ही खोली तिच्या नावावर होऊन दोनच दिवस झाले होते. नितेशला, तिच्या भावाला, ठाण्यात फ्लॅट घ्यायचा होता, म्हणून बाबा खोली परक्याला विकायला निघाले होते. मग तिनेच कर्ज काढून ती विकत घेतली. आईबाबांनी इथेच राहावं, आपलं माहेर जागेवर राहावं, एवढंच तिला हवं होतं.

"नळाला पाणी नाही का?"

"आहे की," तिचे बाबा, धाकू, पेपरातून मान वर न करता म्हणाले.

रत्नप्रभा भरला तांब्या घेऊन परतली.

"मग शेजारचं कशाला, आई?"

"चेडवाच्या घरचा पाणी पिऊचा नसता गो." ती जणू तांब्यालाच सांगत होती. "नातवंड होयसर तरी..."

पुढचं तिने गिळलं. अक्षताच्या लग्नाला नऊ वर्षं झाली होती, मूल नव्हतं.

"आणि जेवण?"

"अगं, तुझी आई माझी पेइंग गेस्ट झालीय," समोरून द्रौपदीकाकी म्हणाल्या. "भाड्याचं तेवढं बघ बाई."

"चाळीस वर्षं याच नळाचं पाणी प्यालीस तू."

"तेवा घर आमचा होता."

रत्नप्रभाने तांब्यावर पेला उपडा घातला. तिच्या आजीची जात्यावरची ओवी तिच्या ओठांत होती, ती तिने चालीत न म्हणता नुसतीच सांगितली:

लेकीच्या गावाला जाते मी सुखासाठी
तहान ठेविली वेशीच्या दगडापाठी

"आणि नितेशच्या घरचं पाणी चालतं?"

"झिलाचा घर ता आपलाच."

"बोलावलंय त्याने?"

धाकूंनी पेपराची घडी घातली, उलगडली, पुन्हा घातली.

मग त्यांनी गादीखालून एक स्टॅम्पपेपर काढला. कोपऱ्यावरच्या एजंटकडून त्यांनी तो आधीच टाइप करून आणला होता. भाडेकरार, अकरा महिन्यांचा.

"भाड्याने दे आम्हाला. जागा कुणाची का असेना, भाडं भरलं की पाणी आपलं."

अक्षता हसणार होती. पण बाबांनी पेनाचं टोपण काढून पेन तिच्यापुढे धरलं होतं. 'घरमालक' लिहिलं होतं त्याखाली तिने सही केली. द्रौपदीकाकी साक्षीदार झाल्या.

रत्नप्रभाने नळाखाली पेला धरला. उभ्याउभ्याच प्याली, पुन्हा भरला, पुन्हा प्याली. हनुवटीवरून पाणी ओघळलं तरी तिने पुसलं नाही. मग पदर खोचून तिने चहाचं आधण ठेवलं, डबे खडखडवले, आणि जुन्याच आवाजात दटावलं,

"बस गो. माहेरातसून कोण उपाशी जाता?"

अक्षताने भिंतीला पाठ टेकली. कर्जाचे सगळे हप्ते या एका वाक्यात फिटल्यासारखे वाटले तिला.

"एक कलम आहे," धाकू चष्मा सावरत म्हणाले. "मालकाने येण्याआधी कळवावं. आणि मालकाकडे चावी नसते."

पाचवीत असल्यापासून या दाराची एक चावी तिच्याकडे होती.

"बाबा, ते नुसतं कागदावर."

"नुसता कसा?" शेगडीजवळूनच रत्नप्रभा म्हणाली. आवाजात राग नव्हता, आर्जव होतं. "लिवलाहा तर पाळूक व्हया. नायतर सगळा खोटाच ठरात, नि माझा पाणी परत तुटात."

अक्षताने पर्स उघडली. जुडग्याची कडी घट्ट होती. नख दुमडलं तेव्हा कुठे चावी सुटली. धाकूंनी ती घेतली आणि खिळ्याला अडकवली.

रत्नप्रभाने चहात दूध ओतलं. साखरेचा डबा उघडून चमचा हातात धरून ती क्षणभर थांबली.

"साखर किती घालू?" पाहुण्याला विचारावं तसं तिने विचारलं.