एक्केचाळिसावा दिवस

हे कुणालाही खरं वाटणार नाही. मला त्याची सवय आहे. मी ऑर्लिन प्रेहाइम, वय वर्षं चौऱ्याऐंशी. ऑर्लिन 'आज गारठा आहे' म्हणाला तर आधी खिडकी उघडून बघावं, असं आमच्या गावात म्हणतात. पण गेल्या रविवारी चर्चच्या तळघरात, लव्हॉन चेटरबाईंच्या नव्वदाव्या वाढदिवसाला मी जे सांगितलं, ते शब्द न् शब्द खरं होतं.

बाई आमच्या शाळेत मुलींना स्वयंपाक आणि शिवण शिकवायच्या, म्हणून अख्खं गाव त्यांना बाईच म्हणतं. साठीला शाळा सुटली तेव्हा लोकांनी त्यांना निवडून पीअरला, राज्याच्या विधानसभेत पाठवलं. त्यांच्या नवऱ्याने म्हणे विरोधात मत दिलं. जेवणाची आबाळ होईल म्हणून.

तर वाढदिवसाला कुखेन, म्हणजे आमच्याकडचा केक, कापायच्या आधी प्रत्येकाने उठून बाईंचे आभार मानायचे होते. डेल्बर्ट श्राग म्हणाला, "माझ्या बायकोला पाव भाजायला बाईंनी शिकवलं," आणि पुरावा म्हणून पोटावर थाप मारली. मग माझी पाळी. माझी मुलगी कार्ला कॉफीची किटली घेऊन टेबलांमधून फिरत होती.

"बाबा, थोडक्यात हं," ती म्हणाली. "कॉफी एवढी नाहीये."

थोडक्यातच सुरुवात केली. तीस वर्षांपूर्वीचा जानेवारी. बाईंच्या डोळ्यांत मोतीबिंदू, म्हणून अधिवेशनाला त्यांना मी ट्रकमधून न्यायचो. त्या खेपेला समोरून वारा असा होता, की शंभर मैल गेल्यावर ट्रकच्या मीटरने वीस मैल परत दिले.

"मागच्या वेळी तीस दिले होते," डेल्बर्ट म्हणाला.

"तेव्हा वारा ताजा होता. आता ऐक."

ट्रकमध्ये आम्ही तिघं. मी, बाई, आणि मध्ये एमिल. पार्कस्टनकडचा. जनावरांना मालकीचा डाग देतात, त्याचे कागद करायला निघाला होता.

"कोण एमिल?" डेल्बर्टने विचारलं.

"तू नाही ओळखत. वारला तो."

त्या वर्षी बाईंनी विधेयक आणलं होतं. गर्भपाताला येणाऱ्या बाईला डॉक्टरने आधी सगळं साध्या भाषेत सांगायचं. पोटातलं मूल केवढं झालंय, काय करणार, त्यात धोका काय, ठेवायचं म्हटलं तर मदत कुठे मिळेल, बापाला जबाबदारी कशी घ्यायला लावता येईल. मग एक दिवस जाऊ द्यायचा. त्या दिवसानंतर ती जे म्हणेल ते. आणि दिवस फार पुढे गेले असतील, तर आईच्या जिवावर बेतल्याशिवाय नाहीच.

समितीत तेरा जण. सहा बाईंच्या बाजूचे, सहा विरोधात, आणि मध्ये मर्ल इव्हर्सन, मिसूरी नदीच्या पलीकडचा गुरंवाला. या मर्लने दोन आठवडे आधीच सांगून ठेवलं होतं, "बाई, न सांगता जिची सही घेतली अशी एक तरी मुलगी मला दाखवा. मत तुमचं." बाईंनी यांक्टनची एक मुलगी तयार केली होती. आम्ही पीअरला पोचतो तर निरोप आला की यांक्टनचा रस्ता बर्फाने बंद.

सुनावणीला एक तास होता. बाई पायऱ्यांवर बसून टाचणं वाचत होत्या, म्हणजे नाकाला लावून हुंगत होत्या म्हणा. एमिल त्यांच्यासमोर टोपी काढून उभा राहिला.

"मी बोलतो," तो म्हणाला. "माझी मुलगी. आठ वर्षांपूर्वी, एकोणीस वर्षांची होती तेव्हा. शहरात गेली. कागदावर सही, आणि बारा मिनिटांत सगळं उरकलं. ते केवढं झालंय, असं तिने विचारलं होतं. 'बघण्यासारखं काही नाही,' म्हणाले. डॉक्टरचं तोंडसुद्धा दिसलं नाही तिला, फडक्याच्या वरती नुसते डोळे. सात वर्षं कुणाला बोलली नाही. मग एक दिवस गोठ्यात, दूध काढताना, मला पाठमोरी उभी राहून सांगितलं."

तळघरात चमच्यांचा आवाज थांबला. डेल्बर्टने टोपी काढली.

बाईंनी टाचणं मांडीवर ठेवली. मग म्हणाल्या, "तिला विचारलंस?"

"मी बाप आहे तिचा!"

"पोट तिचं होतं, एमिल. गोष्टही तिचीच."

"अहो, तासाभरात तुमचं विधेयक मरतंय!"

"मरू दे. तिला न विचारता तिची गोष्ट आत नेली, तर मी त्या बारा मिनिटांपेक्षा वेगळं काय केलं?" मग माझ्याकडे वळून, "ऑर्लिन, सुटे काढ."

जिन्याखाली फोन होता. नंबर एमिलने लावला, पण बोलल्या बाई. आणि काय सांगू, एवढी मोठी संधी दाराशी आलेली असताना ही बाई त्या मुलीला एकेक कारण देत होती, न येण्याचं! तुझं नाव नोंदीत जाईल. वर्तमानपत्रवाले दोघं बसलेत, त्यातला एक तरी छापेलच. समितीत एक वकीलबाई आहे, ती वाईट नाही पण प्रश्न टोचून विचारते. गावात कळेल. तू बोललीस तर विधेयक तरेल, नाही बोललीस तर बहुतेक पडेल, आणि पडलं तर मी तुझ्यावर रागावणार नाही, तुझा बाप रागावला तर त्याला मी बघून घेईन. "आणि आत्ता उत्तर देऊ नकोस. उद्या याच वेळेला मी फोन करीन."

एमिलने भिंतीवर डोकं आपटलं. भिंत दगडी होती.

बाई आत गेल्या आणि त्यांनी अध्यक्षांकडे एक दिवस मागितला. रस्ते बंद म्हणून मिळालाही. मग म्हणाल्या, "आलेच आहे तर म्हणणं मांडते.

"माझ्या मते पोटात असतं ते मूलच असतं. त्याला बोलता येत नाही, म्हणून कायद्याने त्याच्या बाजूला उभं राहावं. हे मी लपवत नाही. ज्यांना हे पटत नाही त्यांच्याशी माझं एवढंच बोलणं आहे. मर्ल, तुझ्या गाईचं पोट फाडून वासरू काढायचं असेल तर गुरांचा डॉक्टर गोठ्यात अर्धा तास उभा राहून तुला समजावतो. घाबरलेल्या पोरीला तो अर्धा तास का नाही? तिने काय ठरवावं हे मी या कागदात लिहिलेलं नाही. ठरवण्याआधी तिच्याशी माणसासारखं बोलावं, एवढं लिहिलंय."

वकीलबाई उठल्या. कोरिन डुव्हाल. उंच, आवाज धारदार. "बाई, मुलींना तुम्ही स्वयंपाक शिकवलात, आता अक्कल शिकवायची आहे का? बाईला तिचं मन कळतं. सरकार तिची आजी नाही. आणि ही पोरगी राज्याच्या दुसऱ्या टोकाहून येणार, तीनशे मैल. तुमच्या एका दिवसापायी तिला दोन खेपा. कामावरून कोण सोडेल? कुणाच्या गाडीने येईल?"

बाईंनी चष्मा काढला, पुसला, परत घातला.

"कोरिन, हा काटा माझ्या विधेयकात आहे खरा. मला दिसला नव्हता. आत्ता जिन्याखाली मी एका मुलीशी फोनवर बोलले. जे सांगायचं ते सगळं सांगता आलं. तर असं लिहिते, की आदल्या दिवशी डॉक्टरने फोनवर सांगितलं तरी चालेल. म्हणजे खेप एकच."

"मी तरीही विरोधात," कोरिन म्हणाल्या.

"तुमचं मत तुमच्यापाशी. काटा दाखवलात त्याबद्दल आभार."

दुसऱ्या दिवशी त्याच वेळेला, त्याच फोनवर. बाईंनी फक्त ऐकलं. "बरं, बाळा," म्हणाल्या, आणि फोन ठेवला.

"काय?" एमिल म्हणाला.

"नाही म्हणाली."

"नाही?"

"म्हणाली, सगळं ऐकलं असतं तर कदाचित मी तेव्हाही तेच केलं असतं, मला माहीत नाही. पण मला कुणीतरी विचारायला हवं होतं. आज तुम्ही विचारलंत. आणि माझं उत्तर नाही असं आहे."

आत मर्ल वाटच बघत होता. "बाई, मुलगी?"

"विचारलं. नाही म्हणाली."

"नाव तरी? मला एकट्याला, कानात."

"नाही म्हणाली, मर्ल. नाहीमध्ये नावही आलं."

"मग माझं मत नाही मिळणार."

"कळलं."

तुम्हाला माहीत असेल-नसेल, अधिवेशन चाळीस दिवसांचं असतं. आणि पीअरमध्ये विधेयक मारलं असं कुणी म्हणत नाही. ते एक्केचाळिसाव्या दिवशी घेऊ, असा ठराव करतात. तो दिवस उगवतच नाही! तेरा शहाणी माणसं हात वर करून नसलेल्या दिवसाची तारीख देतात, आणि गावात खोटारडा कोण, तर मी.

"वीस मैल परत देणारा तूच ना?" डेल्बर्ट म्हणाला.

सातविरुद्ध सहा. बाईंचं विधेयक एक्केचाळिसाव्या दिवशी गेलं. आम्ही ट्रकमधून परत निघालो. एमिलच्या मनात काय होतं ते मला पक्कं ठाऊक आहे. आधी संताप. बाईंवर, पोरीवर, यांक्टनच्या बर्फावर. मग ह्यूरॉनच्या अलीकडे कुठेतरी त्याच्या ध्यानात आलं, की पोरीने गोठ्यात सांगितल्यावर त्याने स्वतःसुद्धा तिला काही विचारलं नव्हतं. बादली उचलली आणि निघून गेला होता. एक वर्ष झालं होतं त्याला. तो घरी गेला आणि त्याने पहिल्यांदा फोन करून तिला विचारलं, तू कशी आहेस.

ती ईस्टरला घरी आली. मग दर ईस्टरला.

पुढच्या जानेवारीत विधेयक परत आलं, फोनच्या कलमासकट. बाईंच्या सहीखाली दुसरी सही मर्ल इव्हर्सनची. का, म्हणून मी त्याला विचारलं. तो म्हणाला, "मी कान पुढे केला होता, ऑर्लिन. एक नाव सांगितलं असतं तर जिंकली असती. एका पोरीच्या 'नाही'साठी जी बाई स्वतःचं विधेयक पडू देते, तिच्या कागदात पोरींना फसवायचा डाव नसणार." मंजूर झालं. कोरिन डुव्हाल शेवटपर्यंत विरोधात राहिल्या, आणि दर नाताळात बाईंना पत्र पाठवत राहिल्या.

आणि तीस वर्षांत त्या मुलीचं नाव बाईंच्या तोंडून कुणी ऐकलं नाही. मर्लने नाही, तुम्ही नाही, त्यांच्या नवऱ्याने नाही.

"तर बाई," मी म्हणालो. मी नाक शिंकरलं. तळघरात ओल फार. "एमिल बिचारा गेला, त्याला तुमचे आभार मानायचे राहून गेले. तुम्ही त्याच्या पोरीला विचारलंत म्हणून त्यालाही विचारायचं सुचलं. पोरगी परत मिळाली त्याला. तेव्हा पार्कस्टनच्या एमिलच्या वतीने हे आभार."

बाई माझ्याकडे बघत होत्या, नुसत्या ओठांनी हसत. मी खुर्ची ओढली. मागे कुणीतरी किटली टेबलावर ठेवली.

"बाबा," कार्ला म्हणाली, सगळ्या तळघराला ऐकू जाईल अशी, "एमिल नावाचा कुणी नव्हताच. ट्रकमध्ये तुम्ही दोघंच होतात. आणि फोनवर मी होते."