इथे सीडर नाही

"आई, इथे सीडर नाहीये गं," मार्ला फोनवर म्हणाली, आणि नेल्डानं रिसीव्हर दुसऱ्या कानाला लावला.

"नाही कसं? असेल कुठेतरी."

"ह्यूस्टनमध्ये? अगं, इथे समुद्राची दमट हवा. तू ये तर खरी, दोन-चार दिवसांत नाक मोकळं होईल तुझं. आणि आई, मला खरंच जमत नाहीये. टाके अजून दुखतात, रूबेनची रजा संपली, आणि ही पोर एक मिनिट खाली ठेवू देत नाही."

मागे बाळाचं रडणं ऐकू येत होतं. नेल्डाला एकापाठोपाठ एक शिंका आल्या. खऱ्याच होत्या. जानेवारीचा महिना, उत्तरेचा कोरडा वारा सुटलेला आणि खिडकीबाहेर टेकड्यांवरची सीडरची झाडं परागांचा पिवळा धूर सोडत उभी. गावात नव्यानं आलेला माणूस तो धूर बघून अग्निशमन दलाला फोन करतो आणि मग वर्षभर त्याची चेष्टा होते.

"ऐकलंस ना?" नेल्डा नाक पुसत म्हणाली. "अशा अवस्थेत मी बाळाजवळ..."

"म्हणूनच म्हणतेय, तिथून निघ!"

टेबलाशी कॉफी पीत बसलेल्या मिल्टननं सगळं ऐकलं होतं. "जा ना," तो म्हणाला. "बकऱ्यांचं मी बघतो. पहिली नात आहे आपली. आणि तिथे तुला बरंच वाटेल."

नेल्डाकडे 'नाही' म्हणायला काही उरलं नाही.

टेक्ससच्या त्या डोंगराळ भागात सीडरचा ताप, म्हणजे त्याच्या परागांनी होणारी सर्दी, सगळ्यांनाच येतो. जर्मनीहून आलेल्या आजा-पणजांपासून सगळे त्याला शिव्या घालत आलेत. पण इतरांचं ते दोन-तीन आठवड्यांचं दुखणं. नेल्डाचं नाताळाच्या आधी सुरू व्हायचं, सीडर ओसरेपर्यंत ओकच्या झाडांना तुरे यायचे, आणि उन्हाळा संपता संपता रानगवत फुलायचं. डोळे सुजलेले, नाकाची सालं निघालेली, घसा खवखवलेला, उशीशी रुमालांचा ढीग. ती शाळेच्या स्वयंपाकघरात कामाला होती. थंडीत मुख्य बाई तिला वाढायच्या खिडकीवरून उठवून मागे थाळ्या धुवायला पाठवायच्या. वाढताना शिंकणारी बाई कोणाला चालेल? त्यात चूक काहीच नव्हती. पण पोरांनी तिचं नाव 'शेंबडी मावशी' ठेवलं होतं, आणि मार्ला त्याच शाळेत शिकत होती. एकदा जेवणाच्या रांगेत मैत्रिणी खिदळल्या तेव्हा मार्लाही त्यांच्याबरोबर हसली होती. नेल्डानं नळ मोठा सोडला आणि थाळ्या घासत राहिली.

चर्चमध्ये नणंद भेटली, की ठरलेलं. "काय गं नेल्डा, नळ दुरुस्त झाला की नाही?" मग दोघी हसायच्या. हसण्यासारखंच दुखणं होतं ते. लोकांना कॅन्सर होतात, शेजारच्या ऑट्मर्सचा मुलगा ट्रॅक्टरखाली गेला. त्यांच्यासमोर शिंकांचं गाऱ्हाणं काय गायचं?

पण शिंकांबरोबर जे यायचं, त्याबद्दल नेल्डा कुणाशीच बोलली नव्हती. सकाळी पलंगाच्या कडेला ती एक मोजा घालून बसायची, आणि दुसरा घालायला हात उचलायचा नाही. समोर मिल्टन काहीतरी बोलत असायचा, त्याचे ओठ हलताना दिसायचे, शब्द दूरच्या खोलीतून यावेत तसे यायचे. आपण या घरात फुकटची जागा अडवून आहोत, आपण नसलो तर यांची कामं भराभर होतील, असं तिला वाटायचं. दुःख म्हणावं तर कारण नव्हतं. नवरा दारू पीत नव्हता. घर होतं, लेक गुणी होती. कारण नसताना रडणाऱ्या बाईला काय म्हणतात, हे तिनं आपल्या आईच्या तोंडून लहानपणीच ऐकलं होतं: लाडावलेली.

कधीतरी तिच्या लक्षात आलं, की एक शब्द उच्चारला की कुणी पुढे विचारत नाही. मार्लाच्या शाळेतल्या नाटकाला ती गेली नाही; सीडर. चर्चमधलं गाणं सोडलं, सीडर. मिल्टनच्या भावाला मूठमाती देताना ती कबरस्तानाच्या फाटकाबाहेर ट्रकमध्येच बसून राहिली, आणि येणारेजाणारे काचेतून तिचे लाल डोळे बघून म्हणाले, "बिचारी, सीडरनं हैराण झालीये." लाल डोळे खरे होते. त्यामुळे खोटं बोलल्यासारखंही वाटत नसे. निदान सुरुवातीला.

मिल्टननं मात्र एका उन्हाळ्यात कमाल केली. कुणाला काही न सांगता त्यानं करवत घेतली आणि घराभोवतालची, कुंपणापर्यंतची सगळी सीडरची झाडं पाडली. भर उन्हात, रोज, बकऱ्यांचं आटपून. हात फाटले, पाठ धरली. "आता बघू कोण तुला त्रास देतंय," असं म्हणून तो उघड्याबोडक्या टेकडीकडे बघत उभा राहिला, तेव्हा तो लग्नातल्यासारखा दिसत होता. त्या थंडीतही वारा आला. वाऱ्याला मिल्टनचं कुंपण कुठे ठाऊक? मैलोन् मैल पसरलेल्या टेकड्यांवरून पिवळी धूळ आली आणि नेल्डाच्या नाकाडोळ्यांत भरली. ती न्हाणीघरात तोंडावर टॉवेल दाबून शिंकायची आणि बाहेर येऊन म्हणायची, "खूप फरक आहे रे." मिल्टननं ते चर्चमध्ये सांगितलं, मेंढ्यांच्या बाजारात सांगितलं. लोक नेल्डाला विचारायचे, आणि ती मान हलवायची. सगळ्या खोट्यांत तिला त्या एका खोट्याची जास्त लाज वाटे.

ह्यूस्टनला ती पोचली त्या रात्रीच नाक थोडं मोकळं झालं. चौथ्या दिवशी सकाळी उठली तर दोन्ही नाकपुड्यांतून हवा आत गेली, गार, थेट घशापर्यंत. बाळाच्या अंगाचा दुधाळ वास आला, बाहेर कुणीतरी मांस भाजत होतं त्याचाही. डोळ्यांची सूज उतरली. रूबेन कामावर निघताना ओरडला, "वा, सासूबाई! नाक ठणठणीत! आता तुम्हाला परत पाठवतच नाही आम्ही."

नेल्डा हसली. मग स्वयंपाकघरात उभी राहून ती वाट बघू लागली. आता मनावरचंही उतरेल. इतकी वर्षं ती स्वतःलाही तेच सांगत आली होती, की हे सगळं सीडरचं आहे, सीडर गेलं की जाईल. अंडी फुटली, पाव भाजला, मार्ला बाळाला घेऊन टेबलाशी आली, खिडकीतून ऊन आलं. काहीही उतरलं नाही. मोकळ्या नाकानं श्वास घेत नेल्डा तिथेच उभी होती, आणि आत तोच चिखल, तसाच. फक्त आता त्याला द्यायला नाव नव्हतं.

पुढचे दिवस तिनं कामात काढले. कपडे धुतले, घड्या घातल्या, सूप केलं. बाळाला मात्र ती टाळायची. मार्ला पोरीला पुढे करायची तेव्हा नेल्डाच्या हातात नेमकं काहीतरी असायचं.

"आई, तू हिला घेतच नाहीस."

"हात ओले आहेत गं."

त्या गुरुवारी मार्लाला डॉक्टरकडे टाके दाखवायला जायचं होतं. "तासाभरात येते. दूध बाटलीत आहे. घेशील ना आई?"

"अगं, तुला वाढवलंय मी. जा."

गाडी कोपऱ्यावरून वळली आणि बाळ उठलं. आधी कुरकुरलं, मग रडायला लागलं. नेल्डा तेव्हा न्हाणीघरात टबच्या काठावर बसली होती. तिला ऐकू येत होतं. उठायचं, चार पावलं जायचं, बाटली गरम करायची, हे सगळं तिला क्रमानं ठाऊक होतं. ऊठ, ती स्वतःला म्हणाली. ऊठ गं बाई, लहान लेकरू आहे. पण पाय दुसऱ्या कुणाचे असावेत तसे समोर पडून होते. रडणं वाढलं, घोगरं झालं, मध्येच थांबून पुन्हा फुटायला लागलं. नेल्डानं कानांवर हात ठेवले. ते आपण केलं, यासाठी पुढे ती स्वतःला माफ करू शकली नाही.

दार उघडल्याचा आवाज, मार्लाची धावती पावलं. "अगं बाई, अगं माझी सोनी... आई? आई! कुठे आहेस?"

न्हाणीघराच्या दारात मार्ला उभी राहिली. कडेवर लालबुंद झालेलं, हुंदके देणारं बाळ.

"ऐकू येत नव्हतं तुला?"

नेल्डानं झटकन डोळे चोळले, लाल होईस्तोवर. नाक ओढलं आणि तोंडापुढे हात धरून शिंकली. "काय सांगू गं, इतका त्रास... डोळे उघडत नव्हते... सीडर..."

बोलता बोलता तिला स्वतःचाच आवाज ऐकू आला. ती शिंक नव्हती. नाटकातली मुलं शिंकतात तसा नुसता आवाज होता.

मार्ला बघत राहिली. "आई, तुझं नाक कोरडं आहे."

बासष्ट वर्षांची बाई, लेकीच्या न्हाणीघरात खोटं शिंकून पकडली गेली होती.

"किती वेळ रडत होती ही? आई, तिचा आवाज बसलाय! तुला नको होती तर तसं सांगायचंस! मी हिला बरोबर नेलं असतं!" मार्लानं बाळाला खांद्यावर घेतलं. "तुझं हे नेहमीचंच. माझ्या नाटकाला नाही, माझ्या डोहाळजेवणाला नाही. कायम तुझं नाक!"

"नाक नव्हतं ते," नेल्डा म्हणाली.

"मग काय होतं?"

"माहीत नाही. मला उठता येत नाही, मार्ला. उठावंसंच वाटत नाही. खूप वर्षं झाली." ती फरशीकडे बघत बोलत होती. "तिला माझ्यापाशी ठेवू नकोस. माझा भरवसा नाही."

मार्लाचा राग तसाच चेहऱ्यावर राहिला. बाळाला छातीशी धरून ती टबच्या काठावर आईच्या शेजारी बसली आणि तिथेच त्याला दूध पाजू लागली. चुटूचुटू पिण्याचा आवाज येऊ लागला.

"मरावंसं वाटतं का तुला?" मार्लानं हळूच विचारलं.

"कधी कधी. पण तेवढंही करायला उठवत नाही."

दुसऱ्याच दिवशी मार्लानं तिला डॉक्टरांकडे नेलं. डॉक्टर तरुण बाई होत्या. त्यांनी झोपेबद्दल विचारलं, तेव्हा नेल्डाला हसू आलं. "नाक बंद असताना झोप कसली? तोंड उघडं टाकून पडायचं नुसतं."

"किती वर्षं?"

"मार्ला व्हायच्या आधीपासून."

"आणि मनाचं?"

नेल्डानं पर्सची साखळी उघडली, लावली. मग म्हणाली, "तेव्हापासूनच. पण डॉक्टर, शिंकांनी कुणी असं होतं का? लोक हसतील हो."

डॉक्टर हसल्या नाहीत. "होतं. वर्षानुवर्षं अंगात सूज, झोपेचं खोबरं, डोकं जड. अशा माणसांना डिप्रेशन इतरांपेक्षा जास्त गाठतं. आधी काय आलं ते मी आज सांगू शकणार नाही. पण एकदा दोन्ही घरात शिरली, की एकमेकांना पोसतात. नाक बरं झालं म्हणून दुसरं आपोआप जात नाही. दोन्हींवर औषध घ्यायचं, आणि बोलायला एका बाईंकडे पाठवते, तिथे जायचं. आणि मरायचा विचार आला, तर त्याच घटकेला लेकीला सांगायचं. वेळ लागेल."

नेल्डाला वाटलं होतं, ऐकून सुटल्यासारखं होईल. तसं झालं नाही. दुखणं खरं होतं, म्हणजे लेकीचं बालपण खरंच त्यात गेलं होतं.

शनिवारी मिल्टन आला. मार्लानं त्याला फोनवर काय सांगितलं होतं कोण जाणे. तो ट्रकमधून उतरलाच नाही. नेल्डा बाहेर जाऊन त्याच्या शेजारी बसली.

"बकऱ्या कोणाकडे ठेवल्यास?"

"ऑट्मर्सकडे." त्यानं दोन्ही हात स्टिअरिंगवर ठेवले होते. "मार्ला म्हणते, सीडर नव्हतंच."

"सीडरही होतं. पण दुसरंही होतं." तिनं सगळं सांगितलं. न्हाणीघरातलं, कानांवर ठेवलेल्या हातांचंही. मग म्हणाली, "आणि तू झाडं तोडलीस ना, त्या थंडीत काहीच फरक पडला नव्हता, मिल्टन. मी खोटं बोलले."

त्यानं ट्रकची किल्ली काढून खिशात टाकली.

"मी सगळ्यांना सांगत फिरलो," तो म्हणाला.

"माहितीये."

"एवढ्यांदा तोंडावर सांगितलंस, बरं वाटतंय, बरं वाटतंय." त्यानं टोपी काढून डॅशबोर्डवर टाकली. "मी गाढवासारखा मान डोलवत होतो."

"रागावलास?"

"हो." मग तो म्हणाला, "आता मी काय करायचं असतं? कुणी सांगतं का ते?"

"मलाही नाही माहीत रे."

घराचं दार उघडून मार्ला पायरीवर आली. बाळ तिच्या खांद्यावर होतं. "आई, घेतेस का हिला जरा? मला अंघोळ करायची आहे. मी न्हाणीघराचं दार उघडं ठेवते."

नेल्डाचा हात सवयीनं नाकाकडे गेला. तिनं तो खाली घेतला.

"आज नाही जमणार मला," ती म्हणाली. मोठ्यानं, पायरीपर्यंत ऐकू जाईल असं.

मार्लानं बाळाला खांद्यावर सावरलं. "बरं," ती म्हणाली.

मिल्टन ट्रकमधून उतरला. अंगणातल्या नळाखाली त्यानं कोपरापर्यंत हात धुतले, शर्टाला पुसले, आणि पुन्हा धुतले. मग पायरीपाशी जाऊन त्यानं हात पुढे केले, करडू घ्यायला करतो तसे, फार पसरून. मार्लानं त्याचे कोपर धरून जवळ आणले आणि मधोमध पोरीला ठेवलं. तो तिथेच पायरीवर बसला, श्वास रोखून.

पलीकडून कुत्र्याला फिरवत एक शेजारीण चालली होती. तिनं ट्रकमध्ये रडणाऱ्या बाईकडे पाहिलं. नेल्डानं तोंड वळवलं नाही.