जशीच्या तशी

"एकशे बारा… एकशे सत्तावीस… शून्य…" काकू पडद्याकडे बघत वहीत आकडे उतरवत होत्या.

"काकू, पाढे पाठ करताय का?" शेजारच्या टेबलावरच्या टेस्टिंगवालीनं विचारलं.

"पाढे परवडले गं. ते निदान जागच्या जागी राहतात. हे तिसरा आकडा लिहीपर्यंत पहिला बदलून मोकळे!"

काकू चोपन्न वर्षांच्या. रुग्णाच्या खाटेशेजारी ठेवतात ती हृदयाचे ठोके दाखवणारी यंत्रं त्यांची कंपनी बनवायची. यंत्राचा आणि त्यातल्या ऑपरेटिंग सिस्टिमचा संवाद घडवणारा प्रोग्रॅम काकू बावीस वर्षं लिहीत, शिवत, उसवत आल्या होत्या. वॉचमनपासून साहेबांपर्यंत सगळे त्यांना काकूच म्हणायचे.

एका हॉस्पिटलातली तीन यंत्रं मध्येच गोठायला लागली होती. पडद्यावरची रेघ आहे तिथेच थांबायची. यंत्र गोठलं तरी नर्स गोठत नाही, म्हणून आजवर निभावलं होतं. पण किती दिवस निभावणार?

दुखणं मेमरीत दडलेलं होतं. ऑपरेटिंग सिस्टिमच्या गाभ्याला, म्हणजे कर्नेलला, दोष शोधणाऱ्यांसाठी एक खिडकी असते. तिथं छोट्या छोट्या फाइली दिसतात. एक उघडली की एक आकडा मिळतो. काकूंना हवे होते चार हजार, तेही एकाच क्षणाचे. एकेक शीत चाचपून आख्खा भात कसा कळायचा?

तिसऱ्या दिवशी त्यांनी वही मिटली. "खिडकीच मोठी करते," असं स्वतःलाच म्हणाल्या आणि कामाला लागल्या. मेमरीचा आख्खा तुकडा, आहे तसा, आकड्यांची भाषांतरं न करता, एका बायनरी फाइलीतून बाहेर देता यावा, एवढीच सोय. वाचता येईल, पण हात लावता येणार नाही. जेमतेम चाळीस ओळी. दोनदा यंत्र कोसळलं, एकदा काकूंचा धीर. मग एका सकाळी फाइल उघडली, आणि चार हजार बाइट रांगेत उभे!

दुपारपर्यंत चोर सापडला. रुग्णाच्या छातीवरची वायर निसटून पुन्हा लागली की एका नोंदीची शेपटी पुढच्या नोंदीच्या डोक्यावर चढत होती. ही गडबड करणारी प्रोग्रॅममधली ओळ कुणी लिहिली हे बघायला काकूंनी बदलांची जुनी यादी काढली. तारीख अकरा वर्षांपूर्वीची. पुढे त्यांचंच नाव.

कान गरम झाले. टेस्टिंगवालीनं डोकावून पाहिलं आणि शहाण्यासारखा चहा आणून दिला. चहा संपवून काकू साहेबांच्या केबिनमध्ये गेल्या.

"साहेब, चूक सापडली. माझीच आहे."

साहेब त्यांच्याहून पंधरा वर्षांनी लहान, मनानं वाईट नव्हते. "अहो, सापडली ना! संध्याकाळपर्यंत दुरुस्ती पाठवा. आणि ती फाइलीची सोय झकास आहे हं. कर्नेल सांभाळणाऱ्या मंडळींना पाठवू, सगळ्या जगाला उपयोग होईल. माझ्या नावानं पाठवतो, म्हणजे जरा वजन पडेल."

बावीस वर्षं काकू अशा वेळी 'बरं' म्हणत आल्या होत्या. आजही 'ब' ओठांवर आला होता.

"नको साहेब," त्या म्हणाल्या. "अकरा वर्षांपूर्वीच्या चुकीपुढे माझं नाव आहे. ते तसंच राहणार. मग याच्यापुढेही माझंच राहू दे."

साहेबांनी पेन फिरवलं, खिडकीबाहेर पाहिलं आणि ते हसले. "मुद्दा बिनतोड आहे, काकू."

घरी नवऱ्यानं कर्नेलवाल्या मंडळींना पाठवायचं पत्र वाचायला घेतलं. जन्मभर छापखान्यात मुद्रितं तपासलेला माणूस; प्रोग्रॅममधलं त्याला ओ की ठो कळत नसे, पण पत्र कळत असे.

"अगं, यात 'मला वाटतं' चार वेळा आलंय. तुला वाटतं, की माहीत आहे?"

"माहीत आहे."

"मग वाटून कशाला घेतेस?" त्यानं चारही ठिकाणी लाल काट मारली.

खिडकीचा भाग सांभाळणारा मेंटेनर कुठल्या तरी दूरच्या देशात बसलेला, शब्दांचा महाकंजूष. पहिलं उत्तर: फंक्शनचं नाव चुकीचं. दुसरं: मेमरी मोकळी कुणी करायची ते लिहा. तिसऱ्या वेळी त्यानं सहा ओळी अनावश्यक ठरवल्या. काकू तणतणल्या, "काय खडूस आहे मेला!" मग नीट पाहिलं, तर सहाही खरंच अनावश्यक. चौथ्या वेळी उत्तर दोन शब्दांचं आलं: 'घेतलं. आभार.'

"एवढंच?" नवऱ्यानं विचारलं.

"अहो, त्याच्याकडून एवढं म्हणजे सत्कार समारंभ झाला," काकू म्हणाल्या आणि खळखळून हसल्या.

हॉस्पिटलातली यंत्रं दुरुस्तीनंतर गोठली नाहीत. काकूंच्या टेबलावर नव्या तक्रारी आल्या, नेहमीसारख्या.

चार महिन्यांनी, त्या ओळींसोबत दिलेल्या काकूंच्या पत्त्यावर, एका अनोळखी माणसाचं पत्र आलं. तो कालव्याच्या पाण्याची पातळी मोजणारी उपकरणं बनवत होता. 'आदरणीय सर,' त्यानं लिहिलं होतं, 'तुमच्या सोयीमुळे माझा तीन आठवड्यांचा शोध एका तासात संपला. फक्त फाइलीची लांबी शून्य का दिसते, ते कळत नाही.'

काकूंनी त्यानं सोबत जोडलेला प्रोग्रॅम वाचला. लांबी भरायच्या आधीच त्यानं फाइल तयार केली होती. कुठली ओळ वर घ्यायची ते त्यांनी नीट समजावून लिहिलं. मग खाली आणखी एक ओळ टाकली, 'मी सर नाही, मी बाई आहे,' आणि त्याखाली आपलं पूर्ण नाव लिहिलं.