सलाम फेरल्यावरची रकात

लाडलेसाब मुलाण्याची जमीन जायची पाळी आली ती नमाजीपायी. मुलाण्याला नमाज येत न्हाई म्हणलं तर कोण खरं मानंल? आन् तसं बघितलं तर त्याला यायची की! जरा जास्तच यायची, तीच सगळी भानगड.

औरादपासून दोन कोसांवरचं काळ्या रानातलं गाव. मुसलमानांची घरं तीन, आन् मशीद एवढीशी की चार माणसं वाकली की पाचव्यानं वळचणीला थांबावं. तिथं दिवा लावायचा, पाच वक्ताला बांग द्यायची, नमाज पढवायची. ह्या चाकरीपायी लाडलेसाबच्या आज्याला सरकारातून वढ्याकाठची जमीन इनाम मिळालेली. घर त्याच्यावरच चालायचं. बांग तर गडी अशी द्यायचा की वढ्यापल्याड औत हाकणारे हणमंतराव पाटील ती ऐकून बैल सोडायचे आन् भाकरीचं फडकं उघडायचे.

त्या पाटलाच्या चावडीवर एक दिवस सांगावा आला, की बिदरहून सायब येणार, मशिदीची चाकरी नीट चाललीय का ते सोता बघणार. मागच्या म्हयन्यात असाच एका गावात गेला, तिथल्या मुलाण्याला नमाज धड पढवता आली न्हाई, तर बिचाऱ्याची जमीन खालसा केली म्हणं.

लाडलेसाब तडक अच्युतराव कुळकर्ण्याकडं गेला. दोघं एका विहिरीत पवायला शिकलेले. कुळकर्णी उदगीरच्या शाळेत उर्दू शिकून आलेला, कारण तवा उर्दूबिगर शाळाच न्हवती. आन् लाडलेसाबला अलिफ कोणता आन् लाकूड कोणतं ते कळत न्हवतं. आता बघा गंमत, बामणानं किताब वाचायची आन् मुलाण्यानं नमाज शिकायची!

"नमाजीची किताब आणलीय बिदरहून," सायब यायच्या आदल्या दिवशी अच्युतराव म्हणला. "चल खळ्यावर. कुठं चुकतोस ते बघू."

"चुकायलोय कुठं? रोज करतो की."

"मग घाबरायलास कामून?"

खळ्यावर सतरंजी टाकली. तोंड मावळतीला करून लाडलेसाब उभा राहिला. अच्युतराव उपरणं सावरून, किताब लांब धरून वाचायला लागला. "हात कानाच्या पाळीपर्यंत… बरोबर. आता उजवा हात डाव्यावर, बेंबीखाली. जरा खाली, लाडल्या, पोट दुखल्यागत कामून धरायलास? आता वाक. पाठ सपाट पाहिजे, पाण्याचा पेला ठेवला तर सांडू नये म्हणतीय."

म्हणला, आन् खरंच तांब्या आणून ठेवला पाठीवर!

"अच्युतराव, गार हाय वो!"

"हलू नको. सांडला तर जमीन गेली."

तांब्या सांडला न्हाई. मग सरळ उभं राहणं, मग दोनदा कपाळ जमिनीला टेकणं. ही एक रकात झाली. अशा चार, जोहरच्या म्हंजे दुपारच्या नमाजीत. सगळं किताबीबरहुकूम. शेवटी गुडघ्यावर बसून लाडलेसाबनं उजवीकडं मान वळवून सलाम केला, डावीकडं मान वळवून सलाम केला, आन् टुणकन उठून उभा राहिला.

"कुठं निघालास?"

"आणखी एक रकात न्हाई का?"

"चार झाल्या की."

"चार झाल्या. ही सलाम फेरल्यावरची."

अच्युतरावनं पान मागं केलं, पुढं केलं. "असलं काय न्हाई ह्यात. सलाम फेरला की नमाज संपली, बसून हात वर करून दुवा मागायची, असं लिवलंय."

"मग तुमच्या किताबीचं पान गळालंय."

"आन् तुला कुणी शिकवलं हे?"

लाडलेसाबचा बाप लवकर गेला होता. चार रकाती आन् त्यात काय म्हणायचं ते बापानं पाठ करून घेतलं. बाकीचं तो औरादच्या मशिदीत बघून शिकला. बाजाराच्या दिवशी बोकड कापून, वाटे घालून, हात धुऊन जाईपर्यंत नमाज सुरू झालेली असायची. मग मागच्या रांगेत उभं राहायचं आन् शेजारचा करंल तसं करायचं. आन् मागची अख्खी रांग सलामानंतर उठायची. ह्यानं सोताच्या डोळ्यांनी बघितलेलं, एकदा न्हाई, वीस वर्सं.

"आन् पुढची रांग?"

"ती बसलेली असायची. म्हातारी माणसं असत्यात वो पुढं. गुडघे दुखत असतील."

अच्युतरावनं कपाळाला हात लावला. "हे बघ लाडल्या, सायब किताब वाचलेला हाय, औरादची मागची रांग न्हाई. सलाम फेरला की बसून ऱ्हा. खिळा ठोकल्यागत."

लाडलेसाबला काय उमजंना. डोळ्यांनी बघितलेलं खोटं कसं? आन् छापलेलं खोटं कसं? रातभर त्यानं ह्या कुशीवरून त्या कुशीवर केलं. सकाळी मेव्हणा बंदगीसाब आन् मौलालीचाचा, म्हंजे त्याच्या मागं नमाजीला उभी राहणारी दोन माणसं, ह्यांना त्यानं बजावलं, "आज सलामानंतर उठायचं न्हाई."

चाचा म्हणला, "कायकू? जमीन के वास्ते नमाज कम करता क्या रे?"

"किताबीत तसंच हाय, चाचा."

"किताब पढनेवाला कोन? कुलकर्नी? हौ, फिर तो हो गया!"

सायब यायचा तो जोहरच्या आधी. पण सायबाची बैलगाडी वढ्यातल्या चिखलात रुतली. बांग झाली, उभं राहायची वेळ टळायला आली, गाडीचा पत्ता न्हाई. अच्युतराव लिंबाखालून हातवारे करायला, सुरू कर, सुरू कर, वेळ पाळतो म्हणून तरी लिहील! लाडलेसाबनं अल्लाचं नाव घेतलं आन् हात बांधले. मागं बंदगी आन् चाचा.

पहिली रकात झाली आन् मागं जोडे काढल्याचा आवाज आला. शेरवानीची सळसळ झाली. अत्तराचा वास पुढपर्यंत आला. सायब रांगेच्या डाव्या टोकाला येऊन हात बांधून उभा राहिला. लाडलेसाबच्या मानंवरून घामाचा ओघळ सुटला, पण पाठ एवढी सपाट वाकवली की त्या दिवशी घागर ठेवली असती तरी बसली असती.

चार रकाती पुऱ्या झाल्या. उजवीकडं सलाम. डावीकडं सलाम. आता बसायचं, खिळा ठोकल्यागत. मान अजून डावीकडंच होती, आन् डोळ्याच्या कोपऱ्यातून त्याला दिसलं की सायब उठायलाय!

सायब! बिदरचा! किताब वाचलेला!

मंग लाडलेसाब बसतोय व्हय? मनात अच्युतरावच्या किताबीला एक शिवी येऊ लागली, ती त्यानं नमाजीच्या जागेवर हाय म्हणून गिळली, आन् झटक्यात उभा राहिला. मागं चाचा 'हं!' करून उठला. बंदगीला उठावं का बसावं कळंना, तो आधी अर्धा उठला, मग पुरा.

एक रकात झाली. सलाम फेरला, डावीकडं बघितलं. सायबही सलाम फेरून परत उठायलाय!

आता हे कुठलं? औरादला हे बघितलेलं न्हवतं. का बघितलेलं? तो तर एक करून बोकडाच्या वाट्यांकडं पळायचा, म्होरं काय व्हायचं देव जाणे. सायब उठला म्हंजे काहीतरी असणारच. लाडलेसाब उठला. ह्या बारीला दोन रकाती केल्या, कारण सायबाच्या शेरवानीची सळसळ थांबंना. सलाम. डावीकडं नजर. सायबानं बसल्या जागेवरून वर बघितलं, ह्याच्या पाठीकडं. हा दचकून उभा राहिला. हा उठलेला बघून सायबही गुडघ्यावर हात दाबून उठला.

असं किती वेळ चाललं ते लाडलेसाबला मोजता आलं न्हाई. सावली लिंबाच्या बुडापासून चावडीच्या पायरीला गेली. आत नेमकं काय चाललंय ते अच्युतरावला कळंना. पाटलाच्या घरची माणसं दोनदा बोलवायला येऊन गेली, बेसन गार झालं म्हणून. शेवटी मौलालीचाचाचे गुडघे बोलले. 'या अल्ला' म्हणून म्हातारा जो बसला तो उठलाच न्हाई. त्याला बसलेला बघून सायबानं लांब श्वास सोडला आन् बसला. सायब बसला म्हणून लाडलेसाब बसला. तवा कुठं दुवेला हात वर गेले.

पाटलाकडं जेवताना सायब गुडघे चोळत होता. अच्युतराव कागद लिहायला जवळच बसलेला.

"ये मुलानी हमेशा इतनी नफ्ल नमाज, अपनी मर्जी की, पढता है?" सायबानं विचारलं. "हम तो बैठना चाहते थे. मगर सलाम फेरा तो वो पढ ही रहा था, फिर बार बार उठ जाता था. गाँव का मुलानी खडा रहे और हम बैठ जाएँ? शरम आई."

"हमेशा, हुजूर," अच्युतरावनं बिनदिक्कत ठोकून दिलं. मग जरा चाचपत म्हणला, "पर हुजूर, पहले सलाम के बाद आप जो उठे, वो कौनसी रकात थी?"

"वो? हम देर से आए थे ना. पहली रकात छूट गई थी. जो छूटे वो सलाम के बाद उठकर पूरी करते हैं."

अच्युतरावला जोराचा ठसका लागला. पाटलानं पाठीवर थापटलं तरी थांबंना. कागदावर सायबानं सोताच्या हातानं लिवलं, की असा नमाजी मुलाणी आपण तालुक्यात बघितला न्हाई, जमीन बहाल.

गाडी वढ्यापल्याड गेली आन् अच्युतरावनं लाडलेसाबला मशिदीच्या ओट्यावर गाठलं.

"वाचलास! आन् वर मोठा भगत ठरलास."

"बघा! मी म्हणत न्हवतो, किताबीचं पान गळालंय म्हणून?"

"आरं खुळ्या, पान न्हाई गळालं. तो उशिरा आला होता. त्याची एक ऱ्हायली होती, ती त्यानं भरून काढली."

"आन् औरादची मागची रांग?"

"तू सोता तिथं कधी वेळंवर गेलास?"

"…न्हाई."

"मग तुझ्या शेजारी कोण उभं राहत असंल?"

लाडलेसाबच्या डोळ्यापुढं ती रांग आली. हातातली पिशवी भिंतीला टेकवणारे, धापा टाकणारे, टोपी सरळ करणारे. सगळे उशिरा आलेले! वीस वर्सं तो आपल्या मशिदीत, सगळ्यांच्या आधी येऊन, उशिराची रकात भरायलेला!

"मग आता?" तो म्हणला. "ती वीस वर्साची नमाज चालली का न्हाई?"

"ते माझ्या किताबीत न्हाई," अच्युतराव म्हणला, आन् पहिल्यांदाच त्याला हसू आलं न्हाई. "औरादला मौलवी असंल त्याला विचार."

"विचारीन. बाजाराच्या दिवशी." मग टोपी सरळ करत, "बोकड कापायच्या आधी जातो."

असरची, म्हंजे तिसऱ्या पारची बांग झाली. लाडलेसाब पुढं उभा राहिला, मागं बंदगी आन् चाचा. चार रकाती नीट झाल्या. उजवीकडं सलाम, डावीकडं सलाम. तो बसून राहिला आन् हात वर केले.

मागं चाचाचे गुडघे कडकड वाजले. म्हातारा भिंत धरून उभा राहिलेला. बंदगी अर्धवट उठून दोघांकडं बघायला.

"बैठो चाचा," लाडलेसाब मागं वळून म्हणला. "नमाज हो गई."

"हो गई?" चाचा तिथनंच खेकसला. "साब गया, जमीन मिली, और आदी नमाज छोडको बैठ गया क्या रे? मैं अंदा हूं? खुद साब उठा था! मेरे बाजू में उठा था!"

"चाचा, वो देर से आया था."

"हौ, हौ! बिदर का साब देर से आता? नमाज को?" आन् म्हाताऱ्यानं हात बांधले. बंदगीनं एकदा लाडलेसाबकडं, एकदा चाचाकडं बघितलं, आन् त्यानंही बांधले.