एक उदबत्ती म्हणजे किती मिनिटं?

थायनानच्या माझू देवीच्या देवळात पिठाची कासवं उकडायला नवं वाफेचं कपाट आलं होतं. त्याला वेळ कशीही लिहिली तरी कळते, असं ते बनवणाऱ्या कंपनीच्या कुओ यी-थिंगने सांगितलं होतं. "दीड तास", "पाऊण तास", काहीही लिहा, तिचा प्रोग्राम मिनिटं काढी. दुपारी देवीच्या वाढदिवसाचा नैवेद्य होता, तांदळाच्या पिठाची लाल कासवं. देवळाने कपाट पसंत केलं तरच यी-थिंगची नोकरी कायम होणार होती.

स्वयंपाकघर सांभाळणाऱ्या तांग मावशींनी पडद्यावर लिहिलं, "एक उदबत्ती".

पडदा लाल झाला. "चुकीची वेळ."

"चुकीची?" मावशी म्हणाल्या. "माझी सासू जन्मभर उदबत्ती लावूनच कासवं उकडायची."

"तसं नाही, मावशी. एक उदबत्ती म्हणजे किती मिनिटं?"

"संपेपर्यंत."

"कुठली उदबत्ती?"

"हाताला लागेल ती. पंखा चालू असला तर लांब घ्यायची. एवढं शिकलीस, हेही मीच सांगू?"

यी-थिंगने साहेबांना फोन लावला. हात पिठाचे, म्हणून स्पीकरवर.

"अर्धा तास धर आणि मोकळी हो," साहेब म्हणाले.

"कासवं कच्ची राहिली तर?"

"देवी खाणार आहे, तू नाही."

मावशींनी फोनकडे पाहिलं. मग यी-थिंगला म्हणाल्या, "चल, देवीलाच विचारू."

यी-थिंगने गुडघे टेकून कौल लावायची लाकडी चंद्रकोरींची जोडी टाकली. "माझू आई, एक उदबत्ती म्हणजे अर्धा तास धरू?"

दोन्ही कोरी सपाट बाजू वर करून पडल्या.

"हसली," मावशी म्हणाल्या. "हो नाही, नाही पण नाही. प्रश्नच धड नाही तुझा."

"पाऊण तास धरू?"

पुन्हा हसली.

"मावशी, कळलं नाही तर देवी अंदाजाने उत्तर देत नाही?"

"देवी कशाला अंदाज करेल? नीट विचार म्हणते."

"माझा प्रोग्रामही तेच म्हणतोय!"

"मग चुकीची कशाला म्हणतो? हसायचं की."

यी-थिंगने तिथेच बसून दुरुस्ती केली. आता लाल पडद्याऐवजी दोन सपाट कोरी दिसू लागल्या. खाली ओळ, "नीट कळलं नाही. मिनिटांत सांगाल का?"

मावशी खूश झाल्या. "असं गोड बोललं की माणूस सांगतो." त्यांनी चाळीस मिनिटं लिहिली. कासवं उत्तम उकडली, नैवेद्य वेळेवर गेला.

मग मावशींनीच साहेबांना फोन केला. "मुलीला कायम करा. आणि तुम्ही फळं घेऊन देवीची माफी मागायला या."

साहेब संत्री घेऊन धावत आले. कोरी टाकून माफी मिळाली का, विचारलं. नकार. पुन्हा टाकल्या. नकार.

यी-थिंग मागे उभी राहून प्रसादाचं कासव खात होती.