नऊची बाटली

भावेशने पंचांसमोर आधी साबणाची वडी ठेवली आणि तिच्या शेजारी माझा रिपोर्ट.

वडी ठमाबाईची होती. वळ गावाच्या अलीकडे आमचं गाव, आणि गावाच्या तळ्याकाठी एक सपाट कातळ आहे. त्यावर ती पंचवीस वर्षं बाळंतिणींची आणि आजाऱ्यांची धुणी धुत आली आहे. घरातलं माणूस नाक दाबतं अशी धुणी. तेच तिचं पोट. यंदा गणपती गेल्यावर तळ्यावर हिरवी जाड साय धरली, मासे पालथे होऊन वर आले, आणि कोणाला तरी दोष द्यायची वेळ आली.

दुसरं पाणी तळ्यात येतं ते भावेशच्या गोदामांमधून. तिथल्या दीड हजार कामगारांच्या संडास-मोऱ्यांचं पाणी प्लांटमध्ये शुद्ध करून सोडतात. त्या प्लांटच्या लॅबमध्ये मी काम करते. रिपोर्ट म्हणत होता की आमचं पाणी स्वच्छ आहे. खाली सही माझी.

"ताई, शेवाळ फॉस्फेटवर पोसतं, बरोबर? आणि साबणात फॉस्फेट असतं की नाही? तेवढंच सांगा," भावेश म्हणाला.

मी म्हटलं, थोडं असतं. हल्लीच्या साबणांत अगदीच थोडं, हे पुढे सांगायचं होतं, पण माझा आवाज मुळात लहान आणि तोवर मंडळी उठायला लागली होती. ठरलं ते असं, की कार्तिकी पौर्णिमेला कातळाभोवती तारेचं कुंपण घालायचं.

जाताना ठमाबाई माझ्यापाशी थांबली. "तू शिकलेली हायस, दिपाली. तू बोललीस म्हंजे खरंच आसंल," ती म्हणाली. तिने टोमणा मारला असता तर बरं झालं असतं.

घरी जाऊन दिवा लावला, पण स्तोत्रात दोनदा चुकले. साय कशाची, हे मला कळत नव्हतं. आमच्या प्लांटमधले जंतू फॉस्फेट पुढे जाऊच देत नाहीत, गिळतात. हे मी रोज डोळ्यांनी बघत होते. कॉलेजात असताना बाईंनी पावाच्या बेकरीतून यीस्ट आणून सूक्ष्मदर्शकाखाली दाखवलं होतं. निळा रंग दिला की त्याच्या पोटातल्या पिशवीत जांभळे ठिपके दिसतात. ते साठवलेलं फॉस्फेट, कण कणाला जोडून माळेसारखं ओवलेलं. आमच्या टाकीतल्या जंतूंतही तसेच ठिपके असतात. पहिल्या टाकीत हवा नसते. तिथे हे जंतू साठवलेली माळ तोडून तिच्या जोरावर सांडपाण्यातलं अन्न आत ओढतात आणि सुटं फॉस्फेट पाण्यात टाकतात. दुसऱ्या टाकीत ब्लोअर हवा सोडतो. तिथे ते अन्न जाळतात आणि टाकलेल्याहून जास्त फॉस्फेट परत पोटात घेतात. मग गाळाबरोबर ते काढून टाकायचं. सगळी मदार त्या हवेवर.

कोजागिरीनंतर काकडा सुरू झाला. आमच्याकडे पहाटे पाचला तुळशीरामबुवांच्या घरून टाळ वाजवत काकडा देवळात नेतात. वाट प्लांटच्या भिंतीकडेने जाते. मी दर वर्षी पुढे, टाळ घेऊन. चौथ्या दिवशी आंघोळीला उशीर झाला आणि मी एकटीच मागून निघाले. भिंतीपाशी आले तेव्हा काहीतरी चुकल्यासारखं वाटलं. ब्लोअरची घरघर नव्हती. भिंतीवरचे दिवे मात्र लख्ख चालू होते, म्हणजे लाइट गेलेली नव्हती.

दुसऱ्या दिवशी मुद्दाम मागे राहिले. पुन्हा तेच. मग गेटवर रघूला गाठलं. रघू रात्रपाळीचा ऑपरेटर. आधी पाय बदलत राहिला, मग म्हणाला की भावेशशेठचं सांगणं हाय, रात्री दहाला ब्लोअर बंद करायचा नि सकाळी सहाला चालू. लाइटबिल वाचतं.

"आणि माझा सॅम्पल?" मी विचारलं.

"तुमी नवाला येता ना. शेठच बोलले, घड्याळ चुकंल, पन ताई न्हाय चुकायची. देवाचं आटपून बरोबर नवाला."

माझी कानशिलं तापली. नवाला म्हणजे तीन तास हवा खाऊन झाल्यावर. जंतूंनी रात्रभर टाकलेलं तोवर परत गिळलेलं असायचं. आणि मधल्या आठ तासांत जे वाहून गेलं ते तळ्यात. माझा नेम त्याने कुलूप म्हणून वापरला होता, आणि मी रोज त्याला किल्ली लावून सही करत होते.

रघूकडून तिथेच बाटली मागितली आणि बाहेर पडणाऱ्या पाण्याने भरली. लॅबमध्ये तिच्यात तपासणीचं औषध घातलं. फॉस्फेट असेल तितकं पाणी निळं होतं. दहा मिनिटांत ती शाईची दौत झाली.

अकराला भावेश आला. मी बाटली त्याच्या टेबलावर ठेवली आणि ब्लोअर रात्रीही चालू ठेवा म्हटलं. तो हसला. वाईट हसला असंही नाही, घरातल्या बाईला हसतात तसं.

"ताई, तुम्ही आठवड्यात तीन उपास करता, काही झालं का तुम्हाला? जंतूंनी रात्रीचा एक केला तर काय मरतात?"

"मरत नाहीत, भावेशभाऊ. तेच तर आहे. तग धरायला गाठीचं सगळं बाहेर टाकतात. आणि ते तुम्ही ठमाबाईच्या माथी मारलंत."

तो म्हणाला, तिचा कातळ गेला तर तिला गोदामात झाडूचं काम देऊ, विषय संपला. आणि सही नवाच्या बाटलीवरच होते, पाचच्या नाही. मग फोन कानाला लावून मला हातानेच जा म्हणाला.

मी गेले. पण पुढचे तीन आठवडे माझ्याकडून जप झाला नाही. मणी ओढत बसायचे आणि मनात एकच येई: किल्ली, किल्ली, किल्ली. देवापुढे राग धरू नये म्हणतात. मी धरला. कुठे ठेवणार होते.

पौर्णिमेला काकड्याची समाप्ती, सगळा गाव पहाटे वाटेवर. भावेशचे वडील बाळारामशेठ वीणा घेऊन मध्ये. मी पुढे होते. भिंतीपाशी येताच थांबले आणि मागे वळले.

"बुवा, टाळ थांबवा," मी म्हटलं.

तुळशीरामबुवांना वाटलं कोणाला चक्कर आली. टाळ थांबले, मृदंग थांबला.

"आता ऐका."

बायका एकमेकींकडे बघू लागल्या. कोणीतरी म्हणालं, काहीच तर ऐकू येत न्हाय.

"हेच ऐका. या भिंतीमागे ब्लोअर चालू हवा. तो रोज रात्री बंद असतो, आणि तळं त्यामुळे हिरवं झालंय."

पिशवीतून दोन बाटल्या काढल्या. एकीत रघूने नुकतंच दिलेलं प्लांटचं पाणी, दुसरीत ठमाबाईच्या बादलीतलं साबणाचं. दोन्हींत औषध घातलं आणि बाटल्या काकड्याच्या उजेडात धरून उभी राहिले. दहा मिनिटं कोणी हललं नाही. ठमाबाईची जेमतेम आभाळी झाली. दुसरी काळीनिळी.

ठमाबाई गर्दीतून पुढे आली, दोन्हींकडे वाकून बघितलं आणि बाळारामशेठकडे वळली. "शेठ, ही माजी. ती तुमची," ती म्हणाली.

बाळारामशेठांनी वीणा बुवांच्या गळ्यात घातली आणि गेटमधून आत गेले. थोड्या वेळाने भिंतीमागे घरघर सुरू झाली. बाहेर येऊन त्यांनी वीणा परत घेतली. बुवांना एवढंच म्हणाले, चला, काकडा विझेल.

कुंपणाचे खांब आधीच रोवले होते, तार आली नाही. ठमाबाई त्या खांबांना दोरी बांधून आता धुणी वाळत घालते. साय अजून आहे. ती अशी एका महिन्यात जायची नाही. भावेश मला ताई म्हणायचा थांबला आहे. मला कामावरून काढलं तर गाव विचारेल, म्हणून काढत नाही.

बाकीचे नेम माझे तसेच आहेत. नवाचा तेवढा मोडला. काल पहाटे चारला गेले, आज दुपारी दोनला. उद्या कधी जाणार ते रघूलाही सांगत नाही.